आधी भरतीची वेळ, मग कॅमेरा: ठाण्याच्या खाडीत फोटो काढायला निघालेल्या नवख्यांसाठी

रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला शिवडीला गेलो आणि पाहतो तर काय, लांब क्षितिजावर एक गुलाबी रेघ. ही तक्रार दर हिवाळ्यात कुणा ना कुणाकडून ऐकू येते. पाठोपाठ प्रश्न येतो की आता सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेऊ का? घेऊ नका, निदान आत्ता तरी. पक्षी लांब होते, कारण पाणी लांब होतं.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. खाडीत तो चरतो ते पाण्याच्या कडेला, घोटाभर ते गुडघाभर पाण्यात किंवा नुकत्या उघड्या पडलेल्या ओल्या गाळात. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाणी आणि गाळ गाळून घेतो. ओहोटीला ही कड काठापासून खूप आत सरकते आणि पक्षीही तिच्यामागे आत जातात. भरती सुरू झाली की कड परत फिरते, पक्षी तिच्यापुढे पुढे काठाकडे ढकलले जातात. पाणी पूर्ण चढलं की उभं राहायलाच जागा उरत नाही. मग थवे उठतात आणि तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, कडेला किंवा नेरूळच्या तळ्यांवर जाऊन बसतात. तुमच्या उपयोगाचा काळ मधला आहे: भरती पूर्ण होण्याआधीचे सुमारे दोन तास आणि पाणी उतरायला लागल्यानंतरचा तास-दीड तास. एरवी सहाशे काय, हजारची लेन्स नेलीत तरी रेघ जरा जाड दिसेल, एवढंच.

म्हणून या लेखात कॅमेरा बराच उशिरा येतो. मोबाईलवर, साध्या किट लेन्सवर किंवा भाड्याच्या टेलिफोटोवर (लांब लेन्सवर), कशावरही सुरुवात करणार असाल तरी पहिल्या दोन पायऱ्या सगळ्यांना सारख्याच.

१. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा

मुंबईच्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारापर्यंतही जातं. दिवसात भरती दोनदा येते, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने, त्यामुळे हीच वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीला धरायची. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते.

हा हिशोब ढोबळ आहे. तो पुढच्या पंधरवड्यातला दिवस ठरवण्यापुरता वापरा, आणि दिवस ठरला की नेमकी वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा. तक्त्यातली वेळ बहुधा दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदरची असते. पाणी खाडीत शिरून ऐरोलीपर्यंत पोचायला आणखी वेळ लागतो. तुमच्या ठरलेल्या जागेवर तो फरक किती पडतो ते पहिल्याच फेरीत घड्याळ लावून वहीत टिपून ठेवा, पुढचे सगळे हिवाळे कामी येतं.

आता या हिशोबात सूर्य मिसळा. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, एप्रिलअखेर सव्वासहाच्या. फोटोला चांगला उजेड सूर्योदयानंतरचे दोन-अडीच तास आणि सूर्यास्ताआधीचे दोन तास. त्या वेळात पाणी काठाकडे चढतं किंवा नुकतं उतरतं हवं. पाऊणपटीने मांडून बघा: एकादशी ते त्रयोदशी भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पूर्ण होते, म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हात पाणी चढताना मिळतं. चतुर्थी ते षष्ठी भरती दुपारी तीन ते साडेचारला, म्हणजे संध्याकाळच्या उन्हात पाणी उतरताना मिळतं. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत या तिथी येतात. महिन्याला दोन सकाळचे आणि दोन संध्याकाळचे टप्पे झाले. त्यातला शनिवार-रविवारी येईल तो आपला.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि उतरतं तेही पार खाली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड-दोन मीटरचा. भांगाला पाणी धड येतही नाही, धड जातही नाही, पक्षी मध्येच कुठेतरी चरत राहतात. नवख्या माणसाने पहिली फेरी भांगाच्या दिवशी करू नये. उधाणाच्या दिवशी मात्र पहाटे सहाच्या सुमाराला ओहोटी असते. पक्षी लांब, पण समोर मैलभर उघडा पडलेला गाळ, त्यातून नागमोडी गेलेल्या पाण्याच्या वाटा आणि वर उजळणारं आकाश. निसर्गदृश्यासाठी याहून चांगली वेळ नाही. पक्ष्यांची तिथी आणि खाडीच्या दृश्याची तिथी वेगवेगळी असते, हे एकदा लक्षात आलं की निम्मा गोंधळ मिटतो.

२. उन्हाची दिशा बघून काठ निवडा

ठाण्याची खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. एका काठाला मुंबई, दुसऱ्याला नवी मुंबई. शिवडी आणि भांडुप पश्चिमेच्या काठावर, तिथून तुम्ही पूर्वेकडे बघता. ऐरोली आणि नेरूळ पूर्वेच्या काठावर, तिथून तोंड पश्चिमेला. पक्ष्याच्या अंगावर ऊन हवं असेल, पिसांचा रंग आणि डोळ्यातली चमक हवी असेल, तर सूर्य तुमच्या पाठीशी असायला हवा. थोडक्यात, सकाळी नवी मुंबई आणि संध्याकाळी शिवडी. कितीतरी लोक नेमकं उलटं करतात, कारण शिवडीला भल्या पहाटे जायचं असं कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. पहाटेची शिवडी वाईट नाही. फक्त तिथे समोरून ऊन येतं, पक्षी काळे दिसतात, पाणी चांदीसारखं चमकतं आणि मागे माहुलच्या कारखान्यांची धुराडी उभी राहतात. छायाचित्र म्हणून ते जबरदस्त असू शकतं, पण गुलाबी रंग त्यात शोधायचा नाही.

शिवडीला हार्बर लाइनच्या स्टेशनवरून पूर्वेला बाहेर पडून जेट्टीपर्यंत जायचं. वाट बंदराच्या गोदामांमधून, ट्रकच्या वर्दळीतून जाते, पहाटे एकट्याने जाण्याऐवजी दोघे-तिघे जा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू इथूनच समुद्रात शिरतो, त्यामुळे चौकटीत पूल येणारच. तो टाळायच्या नादात लोक वेडीवाकडी चौकट धरतात. माझं मत विचाराल तर पूल सरळ घ्या. जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल आणि त्याच्या खांबांखाली चरणारे पक्षी हेच आजचं शिवडीचं खरं चित्र आहे. पुलावर गाडी थांबवून फोटो मात्र काढायचे नाहीत, त्याला बंदी आहे.

नेरूळला सीवूड्स-दारावे स्टेशनवर उतरून एनआरआय या निवासी संकुलामागची आणि टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ जागा, तसंच डीपीएस शाळेमागचं तळं. खाडीत पाणी पूर्ण चढलं की थवे इथे विसाव्याला येतात. त्यामुळे इथे पोचायची वेळ वेगळी: भरती पूर्ण होण्याच्या तास-दीड तास आधी. तळ्यांच्या कडेने रस्ता आहे, चिखलात उतरावं लागत नाही, लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असली तरी जमतं. पहिल्या फेरीला मी हीच जागा सुचवेन. त्रयोदशी-चतुर्दशीच्या सकाळी साडेआठनंतर इथे उभं राहिलात तर खाडीकडून एकामागून एक थवे डोक्यावरून येताना दिसतील. उडत्या रोहितांच्या फोटोसाठी एवढी सोपी जागा माझ्या माहितीत दुसरी नाही. या तळ्यांत पाणी येण्याजाण्याचे मार्ग बुजवण्यावरून बरीच वर्षं वाद चालू आहेत, तेव्हा निघण्याआधी तळ्यात सध्या पाणी आहे का, हे स्थानिक पक्षीनिरीक्षकांना विचारून घ्या.

ऐरोली पुलाजवळ वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. अभयारण्य पाण्यातून बघायचं तर या केंद्रातून सुटणाऱ्या बोटीने. तिच्याबद्दल पुढे सांगते. भांडुपच्या उदंचन केंद्राकडची (पंपिंग स्टेशनची) वाट पक्षीनिरीक्षकांची जुनी आवडती, पण तो महापालिकेच्या हद्दीतला भाग आहे. प्रवेशाची परवानगी लागते का, हे आधी विचारा.

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला किंवा जायकवाडीला जाणार असाल तर भरती-ओहोटीचा हा सगळा भाग सोडून द्या. तिथे धरणातला पाणीसाठा किती उतरलाय एवढंच बघायचं.

३. सामान

ज्यांच्याकडे ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे त्यांनी तीच न्यावी. शंभर-दोनशे पक्ष्यांचा थवा, त्यामागे तिवरांची हिरवी भिंत, त्यामागे इमारती, हे चित्र ३०० मिलिमीटरला व्यवस्थित बसतं. तुतवार, चिखल्या अशा छोट्या पाणपक्ष्यांचे एकेकटे फोटो हवे असतील तर १००-४०० किंवा १५०-६०० लागते. ती आधी दोन दिवस भाड्याने घेऊन बघा. वजन पेलवतं का हे दुकानात कळत नाही, जेट्टीवर तासाभरात कळतं. मोठी लेन्स असो-नसो, किटबरोबर मिळणारी १८-५५ पिशवीत ठेवाच. बरेच जण ती घरी ठेवून येतात आणि मग आकाश पेटतं तेव्हा चारशेच्या लेन्समधून ढगाचा तुकडा टिपत बसतात.

ट्रायपॉडचे पाय ओल्या मातीत रुततात. प्रत्येक पायाखाली प्लायवुडचा तळहाताएवढा तुकडा ठेवला की काम भागतं. जेट्टीच्या कठड्यावर किंवा गाडीच्या खिडकीत मात्र ट्रायपॉडपेक्षा बीनबॅग बरी. घरीच जाड कापडाची पिशवी शिवून त्यात तांदूळ किंवा राजमा भरा. पोलरायझर फिल्टर गाळावरची चकाकी मारतो, गाळाचे तपकिरी-निळे रंग उठून येतात. पण तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड), म्हणून उडत्या पक्ष्यांच्या वेळी काढून ठेवायचा.

कपडे मातकट, राखाडी, फिके हिरवे. अंगभर बाह्या, कारण तिवरांतले डास संध्याकाळी फाडून खातात. पायात जुने, बंद, लेस घट्ट बांधता येतील असे बूट. चप्पल नाही आणि अनवाणी तर अजिबात नाही: खाडीतली कालवं पाय ब्लेडसारखा कापतात आणि जखम चिघळते.

४. चिखलात उतरायचं नाही

याला वेगळी पायरी दिली, कारण दर वर्षी कुणीतरी उतरतंच. वरून सुकलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ दोन पावलांवर गुडघाभर खोल असतो. पाय ओढून काढायला गेलात की दुसरा रुततो. त्यात भरतीचं पाणी सरळ समोरून चालत येत नाही, आधी आजूबाजूच्या वाटांनी मागे भरतं, आणि परतीचा रस्ता बंद झाल्यावर मग समोर दिसतं. कोळी बांधव या गाळात सहज फिरताना दिसतील, त्यांना कुठे टणक आहे ते पिढ्यांपासून ठाऊक आहे. त्यांच्याकडे बघून आपण जायचं नाही. शिवाय तुम्ही चार पावलं पुढे गेलात की थवा चाळीस पावलं मागे जातो. अंतराचा हिशोब तोट्याचाच होतो.

५. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीत

पोचल्यावर उभं राहून बघा. चढत्या पाण्यात रोहितांची हालचाल फार शिस्तीची असते. पुढची रांग चरत चरत काठाकडे सरकते, पाणी पोटाला लागायला लागलं की मागचे दोन-चार पक्षी पंख अर्धे उघडून पुढच्यांच्या पुढे येऊन उतरतात, मग आणखी दोन-चार. थवा असा मागून पुढे उलगडत तुमच्याकडे येतो. हे एकदा ओळखलंत की पुढचा पक्षी कुठे उतरणार ते आधी कळतं, आणि तिथे फोकस लावून थांबता येतं.

मोठा रोहित आणि छोटा रोहित वेगळे ओळखायला शिका. मोठा अंगाने पांढुरका, उंच, चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा बुटका, रंगाने गडद, आणि चोच जवळजवळ पूर्ण गर्द लाल-काळी. मध्ये राखाडी-मळकट दिसतात ती पिल्लं, ती मोठी होईपर्यंत गुलाबी होत नाहीत. खाडीतल्या थव्यांत छोट्यांचीच संख्या मोठी असते. फोटोत दोन्ही शेजारी शेजारी मिळाले तर उंचीतला फरक आपोआप गोष्ट सांगतो.

मुख्य म्हणजे त्यांची अस्वस्थता ओळखा. चरणाऱ्या थव्याच्या माना खाली असतात. एकेक मान वर ताठ व्हायला लागली, सगळ्यांनी तोंडं एका दिशेला केली आणि चालू लागले, तर तुम्ही जास्त जवळ आहात किंवा जास्त हलताय. तिथेच थांबा, खाली बसा. पुन्हा माना खाली जाईपर्यंत हलू नका. थवा उडवून फोटो काढायचे हा प्रकार काही लोक उघडपणे करतात, दगड मारतात, टाळ्या वाजवतात. भरतीच्या वेळी आधीच खाणं थांबलेल्या पक्ष्याला उगाच उडवणं म्हणजे त्याने दिवसभर जमवलेलं खर्ची टाकणं. असं कुणी करताना दिसलं तर हटकायला लाजू नका.

६. सेटिंग: थोडक्यात

उभ्या पक्ष्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, चालत्या-चरत्याला १/८००. उडत्या रोहिताचे पंख छोट्या पक्ष्यांपेक्षा सावकाश हलतात, त्याला १/१२५० चालतं. तुतवार, सुरय असल्या चपळ पक्ष्यांना १/२००० च्या पुढे जा. ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) लेन्स देईल तेवढं मोठं, थवा असेल तर एफ ८. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडा आणि कमाल मर्यादा बांधून द्या. फोकस कंटिन्युअस, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे राहणारा, आणि बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची मालिका, छोटी.

खरी गोची एक्स्पोजरची, म्हणजे फोटो किती उजळ येतो त्याची. गडद गाळासमोर पांढरा बगळा असला की कॅमेरा गाळ बघून चित्र उजळवतो आणि बगळ्याची पिसं पांढरी फटक होतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायची सोय) उणे पाऊण ते एक करा. उजळ आकाशासमोर उडणारा पक्षी असेल तर उलट, अधिक एक. रोहिताच्या पंखाखालचा लाल रंग हा आणखी एक सापळा: साध्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजळपणाच्या आलेखात, सगळं ठीक दिसतं आणि लाल रंगाचा तपशील मात्र जास्त उजेडाने उडालेला असतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दिसत असेल तर तो लावा, आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा.

सकाळी साडेनऊ-दहानंतर लांबचे फोटो अचानक लिबलिबीत यायला लागतात. लेन्स बिघडलेली नसते. तापलेल्या गाळावरची हवा थरथरते आणि चारशे-सहाशेच्या लेन्सला ती थरथर मोठी होऊन दिसते. यावर सेटिंगचा इलाज नाही. जवळचं काहीतरी शोधा किंवा चहा प्या.

७. चहा झाला की पायाखाली बघा

ओहोटीला, पक्षी लांब असताना, नवख्या माणसाला सगळ्यात जास्त शिकवणारा प्राणी म्हणजे निवटी. बोटभर लांबीचा हा मासा गाळावर परांवर रेटत चालतो, डोळे डोक्यावर बेडकासारखे, आणि दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा उभारून तोंडं उघडतात. कधी कधी उडीही मारतात. जेट्टीच्या पायऱ्यांवर किंवा बांधाच्या कडेला बसून राहा. पाच मिनिटं न हलता बसलात की बिळांतून बाहेर येतात. कॅमेरा जमिनीलगत, जवळजवळ टेकवून धरा. निवटीच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत मागचा गाळ पूर्ण विरघळतो आणि निवटी सिंहासारखी दिसते. वरून काढलेल्या फोटोत ती चिखलातला चिखल. कोन खाली नेल्याने काय होतं हे पुस्तकातून वाचण्यापेक्षा इथे अर्ध्या तासात कळतं. ७०-३०० पुरते, १/१००० शटर ठेवा.

शेजारीच एका मोठ्या नांगीचे छोटे खेकडे ती नांगी वरखाली हलवत उभे असतील. जरा लांब, पाणी नुकतं ओसरलेल्या गाळात गोल कडी दिसली तर तीही टिपा. मोठा रोहित एका जागी गोल फिरत पायाने गाळ ढवळतो, त्याची ती खूण. वरच्या धक्क्यावरून, उन्हाच्या तिरप्या रेषेत या कड्यांचा फोटो फार देखणा येतो आणि तो काढणारे फार थोडे.

८. खाडीचं दृश्य

पाणथळ जागा सपाट असते, त्यामुळे फोटोही सपाट येतात: खाली राखाडी पट्टा, वर राखाडी पट्टा. पुढे काहीतरी हवं. तिवरांची गाळातून वर आलेली श्वासमुळं, चिखलात कललेली होडी, डोल जाळ्याचे खांब, मिठागराचा बांध. त्यातलं एक जवळ घ्या, लेन्स १८ च्या आसपास, ॲपर्चर एफ ११, कॅमेरा कमरेच्या खाली. ओहोटीला पाण्याच्या वाटा चौकटीत तिरप्या जाऊ द्या.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुरकं असतं. त्यात पक्ष्याच्या पिसांचा तपशील मरतो, पण तिवर, पाणी, पूल, इमारती अशा एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या पातळ्या मिळतात. अशा दिवशी लांब लेन्सनेच दृश्य काढा, २०० मिलिमीटरला त्या पातळ्या एकमेकींजवळ येतात. इमारती चौकटीतून हाकलायची फार धडपड करू नये. निव्वळ निसर्ग दाखवणारा फोटो कच्छमध्ये जाऊन काढता येईल, यातले बरेच पक्षी तिकडूनच तर येतात. मुंबईच्या खाडीत मात्र ते टॉवर, विजेच्या तारा आणि रेल्वेपुलासकट राहतात.

९. बोट

ऐरोलीच्या बोटीची वेळ भरतीवर ठरते, म्हणून ती रोज बदलते. आगाऊ नोंदणी करा, हंगामात शनिवार-रविवार लवकर भरतात. नोंदणी करताना सकाळची फेरी मागा. बोटीत पक्षी जवळ येतात, तेव्हा सहाशेपेक्षा १००-४०० जास्त कामाची. लेन्स बोटीच्या कडेवर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. हात मोकळे, कोपरं अंगाला चिकटलेली, शटर १/१६०० च्या वर. बसूनच काढा. उभं राहिलात तर मागच्या दहा जणांच्या फोटोत तुमचं डोकं येतं, आणि बोटही कलते. नावाड्याला “अजून जवळ घ्या दादा” असा आग्रह कुणी ना कुणी धरतंच. त्याला ठरवून दिलेलं अंतर असतं, त्याच्या पाठीशी उभे राहा.

१०. परवानगी

अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते. छायाचित्रणासाठी ती दिली जाते, पण ती आधी घ्यायची असते. ड्रोन घरी ठेवा. पक्षी तर बिथरतातच, शिवाय विमानतळ जवळ असल्याने हवाई हद्दीचे कडक नियम आहेत. बंदर, तेलाच्या टाक्या, नौदलाची ठिकाणं यांच्या दिशेने लांब लेन्स रोखल्यास सुरक्षारक्षक विचारणारच. शांतपणे फोटो दाखवा, ओळखपत्र जवळ असू द्या. विणीच्या काळात घरट्यांचे फोटो टाळा. रोहित इथे घरटी करत नाहीत, पण शेकाट्या, टिटवी उघड्यावर अंडी घालतात आणि ती पायाखाली येऊ शकतात. कोल्हा दिसला तर त्याची जागा समाजमाध्यमांवर नेमकी सांगू नका. खाडीकाठच्या तिवरांत कोल्हे आहेत, आणि दुसऱ्याच दिवशी तिथे गर्दी झाली तर त्यांना जायला जागा नाही.

११. घरी आल्यावर, त्याच रात्री

खाऱ्या हवेचा थर डोळ्यांना दिसत नाही, आठवड्याने ट्रायपॉडचे स्क्रू अडकतात तेव्हा कळतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा. कॅमेरा-लेन्सचं बाहेरचं अंग ओलसर, पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. पुढच्या काचेवर आधी ब्लोअर (हवा मारायचा फुगा), नंतर कापड. मिठाचा कण तसाच घासलात तर चरा पडतो. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. पावसाळ्यात सगळं सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात.

फोटो निवडताना प्रत्येक चांगल्या फोटोशेजारी तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि तुम्ही कुठे उभे होतात हे लिहा. ओळख न पटलेल्या पक्ष्यांचे फोटो अस्पष्ट असले तरी टाकून देऊ नका. एप्रिलमध्ये बऱ्याच पाणपक्ष्यांना विणीचा तांबूस रंग चढायला लागतो. जानेवारीत राखाडी दिसलेला कर्ल्यू तुतवार तेव्हा विटकरी होतो आणि वेगळाच पक्षी वाटतो. दोन्ही महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले तर ओळख पक्की होते.

थवे नोव्हेंबर-डिसेंबरात यायला लागतात आणि मेअखेर, कधी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत टिकतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा काळ: धुरकं कमी, पक्षी भरपूर, रंग गडद. या पंधरवड्यातली एकादशी कधी आहे ते बघून सीवूड्सची पहिली लोकल पकडा.